शहराला विचारायचे कसे?

घर बांधायचे तर आपण कर्ज काढतो. शहरेही कर्ज काढतात. पाण्याच्या मोठ्या वाहिन्या, भुयारी गटारे, पूल, रस्ते ही कामे एका वर्षाच्या घरपट्टीतून होण्यासारखी नसतात. अशा वेळी महापालिका कर्जरोखे विकते. रोखा म्हणजे एक लेखी वचन. आज तुम्ही मला हजार रुपये द्या, मी दरवर्षी ठरलेले व्याज देईन आणि अमुक वर्षांनी मुद्दल परत करीन, असे शहर त्यात म्हणते. रोखे घेतात बँका, विमा कंपन्या आणि पैसेवाली माणसे. फेडायचे मात्र असते शहरात राहणाऱ्या सर्वांनी, करांच्या रूपाने.

ही फेड दहा, वीस, कधी तीस वर्षे चालते. आज पहिलीच्या वर्गात बसलेले मूल मोठे होऊन स्वतःची घरपट्टी भरू लागले, तरी त्याच्या बालपणी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालूच असू शकतात. मग या पैशातून कोणते काम आधी करायचे, हे कोणाला विचारून ठरवावे? अधिकाऱ्यांना? इंजिनियरांना? की तेथे राहणाऱ्यांना? आणि राहणाऱ्यांना विचारायचे तर लाखो लोकांना विचारणार कसे? प्रश्न नागरिकशास्त्राचा वाटतो, पण त्याच्या उत्तरात गणित बरेच आहे. हे उत्तर हळूहळू कसे आकाराला आले ते पाहण्यासाठी आपण आधी मुंबईला, मग इंग्लंडला आणि शेवटी अमेरिकेतल्या एका शहरात जाऊ.

मुंबई : मोजमाप झाले, विचारणा झाली नाही

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. साथ पसरली, लाखो लोक शहर सोडून गेले, गिरण्या आणि व्यापार अडचणीत आला. दाट, कोंदट वस्त्या हे रोगाचे मूळ आहे, असे सरकारचे मत झाले आणि १८९८ साली कायदा करून मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन करण्यात आले. लोक त्याला 'इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट' म्हणत. रुंद रस्ते काढणे, आरोग्याला घातक इमारती पाडणे, नव्या वसाहती आखणे ही त्याची कामे होती. त्यासाठीचा पैसा कर्जरोख्यांतून उभा राहिला. ट्रस्टला मिळालेल्या जमिनींचे उत्पन्न आणि महापालिकेने दरवर्षी द्यायची रक्कम यांतून त्याची फेड व्हायची होती.

ट्रस्टच्या मंडळावर सरकारचे, महापालिकेचे, व्यापाऱ्यांचे, गिरणीमालकांचे प्रतिनिधी होते. ज्यांच्या खोल्या पडणार होत्या त्या भाडेकरूंचा प्रतिनिधी त्यात नव्हता. मोजमाप मात्र काटेकोर झाले. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांच्या नावाशी जोडलेला '६३.५ अंशांचा नियम' प्रसिद्ध आहे. खोलीत पुरेसा उजेड यावा म्हणून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे जाणारी रेषा जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा मोठा कोन करू नये, असा तो नियम. या कोनाचा टॅन जवळजवळ २ येतो. म्हणजेच समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त नसावी. दहावीच्या वर्गात त्रिकोणमिती शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

उजेड मोजला गेला. 'तुमची चाळ पाडली तर तुम्ही कुठे जाल?' हे कोणी विचारले नाही. पहिल्या काही वर्षांत घरे पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा जास्त राहिला. कामाच्या जागेपासून दूर जाणे कष्टकऱ्यांना परवडणारे नव्हते. ते शेजारच्याच चाळींत शिरले आणि जी दाटी कमी करायची होती ती दुसऱ्या गल्लीत वाढली. पुढे ट्रस्टने धोरण बदलून दादर-माटुंग्यासारख्या मोकळ्या जागांवर भर दिला. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. मुंबईला त्याने सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते दिले, हेही खरे. पण पहिल्या वर्षांतली चूक रहिवाशांना विचारले असते तर आधीच कळली असती, असे म्हणायला जागा आहे.

घरोघरची नोंद

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये शहरातल्या लोकांची स्थिती जाणून घेण्याचे नवे प्रयत्न चालू होते. चार्ल्स बूथ या व्यापाऱ्याने १८८६ साली लंडनची पाहणी सुरू केली. त्याची माहिती मिळवण्याची युक्ती शिक्षकांना विशेष रुचेल. मुले शाळेत येतात की नाही हे पाहण्यासाठी तेथील शाळा मंडळांचे कर्मचारी घरोघर जात. कोणत्या घरात किती माणसे, बाप काय काम करतो, आई कशी भागवते, हे त्यांना ठाऊक असे. बूथच्या सहकाऱ्यांनी या कर्मचाऱ्यांकडून रस्त्यामागून रस्ता असे करीत माहिती घेतली आणि लंडनचे रंगीत नकाशे तयार केले. शहरातले सुमारे ३० टक्के लोक दारिद्र्यात आहेत, असे त्यातून निघाले. तोवर अनेकांना हा आकडा अतिशयोक्त वाटत होता.

बूथने मधल्या माणसांना विचारले होते. सीबोम राउनट्री याने १८९९ मध्ये यॉर्क शहरात थेट घरांची दारे ठोठावली. त्याच्या माणसांनी ११,५६० कुटुंबांची माहिती गोळा केली. काम चोख झाले, पण अशा पाहणीला पैसा आणि वेळ किती लागणार! यॉर्क तसे लहान शहर. मोठ्या शहराने दर दोन-चार वर्षांनी असे करायचे म्हटले तर तिजोरी पाहणीतच रिकामी व्हावी.

शितावरून भाताची परीक्षा

ही अडचण सोडवली आर्थर बाउली या संख्याशास्त्रज्ञाने. १९१२ साली रेडिंग या शहरात त्याने सगळी घरे न घेता साधारण विसातले एक घर निवडले आणि त्यावरून शहराचे चित्र काढले. शितावरून भाताची परीक्षा आपल्या स्वयंपाकघरात रोजच होते. पण भात वरून शिजलेला आणि तळाशी करपलेला असू शकतो, हेही घरातल्या सर्वांना ठाऊक असते. शीत कुठून उचलले याला महत्त्व आहे. म्हणून बाउलीचा आग्रह असे की निवडलेले घर बंद असले, किंवा तेथला माणूस बोलायला तयार नसला, तरी त्याऐवजी शेजारचे घर घ्यायचे नाही. पुन्हा त्याच घरी जायचे. जी घरे दिवसा बंद असतात त्यांतली माणसे बहुधा दिवसभर राबणारी असतात. त्यांना वगळले तर उत्तर आपोआप एका बाजूला झुकते.

ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते अमेरिकेला १९३६ साली कळले. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी सुमारे १ कोटी लोकांना पत्रे पाठवली. वीस लाखांवर उत्तरे परत आली. त्यांवरून लँडन जिंकणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ६० टक्क्यांहून जास्त मते घेऊन निवडून आले. पत्रांसाठीची नावे मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या यादीतून घेतली होती आणि मंदीच्या त्या काळात गरिबांकडे ना फोन होता ना मोटार. शिवाय, ज्यांना राग होता त्यांनीच उत्तरे पाठवण्याची तसदी जास्त घेतली. जॉर्ज गॅलप याने त्याहून खूपच लहान नमुना घेतला होता, पण त्यात समाजाचे निरनिराळे थर येतील अशी काळजी घेतली होती. त्याचे भाकीत बरोबर आले.

मग किती लोकांना विचारले म्हणजे पुरे? प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी असेल, तर एक सोपा अंदाज वापरता येतो. निवडलेल्यांची संख्या 'न' असेल, तर उत्तरातली संभाव्य चूक साधारण १ भागिले 'न'चे वर्गमूळ इतकी असते. ४०० लोकांना विचारले तर ५ टक्के, १,६०० लोकांना विचारले तर अडीच टक्के. चूक निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात. शंभर पाहण्या केल्या तर सुमारे पंचाण्णव पाहण्यांचे उत्तर या मर्यादेत पडते. आणखी एक गंमत अशी की शहराची लोकसंख्या या सूत्रात कुठेच नाही. पाच लाखांचे शहर असो की पन्नास लाखांचे, १,६०० माणसांचा नमुना जवळपास सारखाच अचूक ठरतो.

ही पद्धत महाराष्ट्रातही लवकर आली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७ मध्ये पुणे शहराची नमुना पाहणी झाली. तिचे ग्रंथ १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. भारतातल्या शहरांच्या अभ्यासात हे काम पायाभूत मानले जाते.

कॅन्सस सिटी, १९३१ : प्रतिष्ठितांचा सल्ला

आता पाहणी आणि कर्जरोखे यांची गाठ जिथे पडली त्या शहराकडे वळू. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, मिसुरी आणि कॅन्सस या नद्यांच्या संगमावर कॅन्सस सिटी वसले आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत शहराने करांच्या हमीवर रोखे काढायचे तर मतदारांची संमती लागते. मिसुरीत नेहमीच्या निवडणुकीबरोबर मतदान घेतले तर सातापैकी चार भाग, म्हणजे ५७.१४ टक्के मते बाजूने पडावी लागतात. साधे बहुमत पुरत नाही.

१९३१ च्या मे महिन्यात, मंदीच्या ऐन काळात, या शहरापुढे आणि त्याच्या काउंटीपुढे 'दहा वर्षांची योजना' मांडली गेली. रक्कम सुमारे ४ कोटी डॉलर. यादी करण्यासाठी नामवंत नागरिकांची मोठी समिती नेमली होती. व्यापारी मंडळाचे प्रमुख कॉनरॅड मान तिचे अध्यक्ष होते. काउंटीच्या बाजूने योजनेचा पुरस्कार करणारे प्रशासक होते हॅरी ट्रूमन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. मतदारांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. नवे सभागृह, नगरपालिकेची उंच इमारत, न्यायालय, रस्ते अशी कामे उभी राहिली आणि हजारो बेकारांना काम मिळाले.

मात्र या होकाराला दुसरी बाजू होती. शहराचे राजकारण तेव्हा टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याच्या मुठीत होते आणि काँक्रीट पुरवणारी एक कंपनी त्याचीच होती. शहरातून वाहणाऱ्या ब्रश क्रीक या ओढ्याचा तळ त्या काळात काँक्रीटने मढवला गेला, तोही त्याच्याच कंपनीच्या मालाने. १९३९ मध्ये करचुकवेगिरीबद्दल पेंडरगास्टला शिक्षा झाली. लोकांना विचारले होते हे खरे, पण विचारले होते शेवटी, 'हो' किंवा 'नाही' एवढेच. यादी कोणी केली, कोणाच्या गल्लीतले काम तिच्यात आले आणि कोणाचे राहिले, हे मतपत्रिकेवर दिसत नव्हते.

कॅन्सस सिटी, २०१७ : चिठ्ठीने निवडलेली घरे

पुढच्या काळात शहर पसरत गेले. रस्ते आणि फुटपाथ जुने झाले. घरासमोरचा फुटपाथ दुरुस्त करण्याचा खर्च घरमालकावर पडत असे, म्हणून गरीब वस्तीत तो वर्षानुवर्षे तुटकाच राही. अशा शहराने २००० सालापासून दरवर्षी नागरिकांची नमुना पाहणी सुरू केली. पत्ते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निवडले जातात. शहराचे सहा विभाग आहेत. प्रत्येक विभागातून पुरेशी उत्तरे येतील, हे पाहिले जाते. याला कारण आहे. शहरातून जाणारा ट्रूस्ट अॅव्हेन्यू हा रस्ता कित्येक दशके गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांमधली सीमारेषा समजला जातो. सगळ्या शहराची सरासरी काढली तर रेषेच्या एका बाजूचे दुःख दुसऱ्या बाजूच्या सुखात बुडून जाते.

पाहणीत प्रत्येक सेवेबद्दल दोन प्रश्न असतात. तुम्ही तिच्याबद्दल किती समाधानी आहात? आणि पुढच्या दोन वर्षांत कोणत्या तीन सेवांकडे शहराने जास्त लक्ष द्यावे? या दोन उत्तरांचा गुणाकार करून क्रम लावतात. ज्यांनी ती सेवा महत्त्वाची म्हटले त्यांचे प्रमाण गुणिले जे समाधानी नाहीत त्यांचे प्रमाण. उदाहरणासाठी आपण मनाने आकडे घेऊ. समजा, रस्ते महत्त्वाचे म्हणणारे ६० टक्के आणि रस्त्यांबद्दल समाधानी ३० टक्के. गुणांक ०.६० गुणिले ०.७० म्हणजे ०.४२. कचरा उचलणे महत्त्वाचे म्हणणारे ४० टक्के, पण समाधानी ८० टक्के. गुणांक ०.४० गुणिले ०.२० म्हणजे ०.०८. कचरा महत्त्वाचा आहे, पण ते काम चांगले चालले आहे. नवा पैसा रस्त्यांकडे जावा, असे हा गुणांक सुचवतो. नुसता 'काय हवे?' हा प्रश्न विचारला असता तर एवढा फरक कळला नसता.

कॅन्सस सिटीत रस्त्यांची देखभाल हा विषय वर्षानुवर्षे या यादीच्या माथ्यावर राहिला. ४ एप्रिल २०१७ रोजी शहराने ८० कोटी डॉलरच्या रोख्यांचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला. रोखे वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने काढायचे होते. प्रश्न एक नव्हता, तीन होते. रस्ते, पूल आणि फुटपाथ यांसाठी ६० कोटी, पूरनियंत्रणासाठी १५ कोटी, आणि सार्वजनिक इमारतींसाठी ५ कोटी, ज्यात इमारती अपंगांना वापरता येतील अशा करणे व प्राण्यांसाठी नवे निवारागृह यांचा समावेश होता. मतदार एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकत होता. किंमतही सांगितली होती. १,४०,००० डॉलरचे घर आणि १५,००० डॉलरची मोटार असलेल्या कुटुंबाचा कर दरवर्षी सुमारे ८ डॉलरने वाढत जाईल, असा तो अंदाज होता. म्हणजे पहिल्या वर्षी ८, दुसऱ्या वर्षी १६, विसाव्या वर्षी १६०. वीस वर्षांची बेरीज किती, हे विद्यार्थ्यांनी अंकगणिती श्रेढीच्या सूत्राने काढावे. उत्तर १,६८० डॉलर येते. तिन्ही प्रस्ताव मंजूर झाले आणि फुटपाथांच्या दुरुस्तीचा भार शहराने उचलला.

विचारण्याची मर्यादा

या तीन प्रश्नांतल्या पुराच्या प्रश्नाकडे थोडे थांबून पाहू. तुटलेला फुटपाथ रोज पायाला लागतो, म्हणून पाहणीत तो वर येतो. पूर मात्र तीस-चाळीस वर्षांतून एकदा येतो. १२ सप्टेंबर १९७७ रोजी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि त्याच काँक्रीटने मढवलेल्या ब्रश क्रीकचे पाणी बाजारपेठेत शिरले. या पुरात २५ माणसे मेली. आदल्या महिन्यात शहराची पाहणी केली असती तर किती जणांनी ओढ्याचे नाव घेतले असते? जमिनीखालची कुजत चाललेली जलवाहिनी, पुलाच्या खांबातला तडा, शंभर वर्षांतून एकदा येणारे पाणी यांची माहिती रहिवाशांना नसते. ती इंजिनियराकडे असते. उलट, रात्री कोणत्या वळणावर बायकांना भीती वाटते, कोणत्या नळाला पहाटे तीनलाच पाणी येते, हे इंजिनियराला कळत नाही. ते तिथे राहणाराच सांगू शकतो. दोन्ही माहिती एकत्र ठेवावी लागते.

तक्रारवही हीदेखील पाहणीची जागा घेऊ शकत नाही. तक्रार करायला वेळ, फोन आणि 'आपले कोणी ऐकेल' असा विश्वास लागतो. ज्यांचे कधीच ऐकले गेले नाही ते तक्रार करायचे सोडून देतात आणि वहीत त्यांची वस्ती सुखी दिसते. निवडणुकीचेही तसेच आहे. मतदानाला न येणाऱ्यांचे मत पेटीत सापडत नाही. चिठ्ठीने निवडलेले घर मात्र स्वतः निवडले जात नाही, पाहणी त्याच्या दारी जाते. बाउलीने बंद दारासमोर पुन्हा जाण्याचा आग्रह का धरला, ते इथे पुरते पटते.

आपल्याकडे

भारतात बेंगळूर महापालिकेने १९९७ साली कर्जरोखे काढले. पाठोपाठ १९९८ मध्ये अहमदाबादने राज्य शासनाच्या हमीशिवाय १०० कोटी रुपये उभे केले. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. आपल्याकडे अशा कर्जावर नागरिकांचे मतदान होत नाही. निर्णय महापालिकेचा असतो आणि शासनाची मंजुरी लागते. म्हणूनच नागरिकांना आधी नीट विचारण्याची गरज आपल्याला अधिक आहे. तसे प्रयत्न झालेही आहेत. बेंगळूरला सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने १९९४ साली नागरिकांनी शहराच्या सेवांना गुण देणारे 'प्रगतिपुस्तक' निघाले. त्यात झोपडवस्तीतल्या कुटुंबांचेही मत घेतले होते. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येऊ लागली. पण सुचवायला जो पुढे येतो त्याचेच काम नोंदले जाते, ही अडचण इथेही उरते.

वर्गात करण्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. एका पिशवीत हजार चिंचोके घ्या, त्यांतल्या तीनशेंना चुन्याचा ठिपका द्या. नीट ढवळून, न बघता २५ काढा आणि ठिपकेवाल्यांचे शेकडा प्रमाण लिहा. काढलेले परत टाकून हेच वीस वेळा करा. मग दर वेळी १०० काढून पाहा. आकडे ३० च्या किती जवळ गोळा होतात, हे मुलांना स्वतः दिसू द्या.

दुसरे काम शाळेतच करावे. पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, कुंपण, खेळाचे साहित्य यांपैकी आधी काय हवे, हे प्रार्थनेच्या वेळी पुढच्या रांगेतल्या पन्नास मुलांना विचारा. मग हजेरीपटातून चिठ्ठ्या टाकून पन्नास नावे काढा आणि त्यांना विचारा. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांना सोडू नका. ती आली की विचारा. मुली आणि मुलगे यांची उत्तरे वेगळी मांडा. दोन याद्यांत फरक पडला तर तो का पडला, याची चर्चा मुलांनाच करू द्या, आणि नंतर दोन्ही याद्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा.